पाच मशिनं आणि एक डोकं: न्यूरोइम्युनॉलॉजीच्या इमेजिंगमध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी

मिरजेत न्यूरोलॉजिस्टच्या ओपीडीबाहेर बाकावर बसलेल्या माणसांच्या हातात एक पिशवी असते. कापडदुकानाची नाहीतर मेडिकलची, बंद तुटत आलेली, आणि तिच्यातून एमआरआयच्या काळ्या फिल्मा अर्ध्या बाहेर आलेल्या. त्या फिल्मा एका सेंटरच्या नसतात. जत तालुक्यातली एक बाई मला आठवते. पहिल्यांदा उजव्या डोळ्यानं दिसायचं कमी आलं तेव्हा स्कॅन मिरजेत झाला. दुसऱ्या वर्षी पाय जड पडले तेव्हा ती माहेरी होती, म्हणून स्कॅन बेळगावला. तिसऱ्यांदा दिराच्या ओळखीनं कोल्हापूरला. तीन शहरं, तीन मशिनं, तीन रिपोर्ट, आणि ते सगळं एका पिशवीत. संस्थांनी एकमेकांशी करार करायच्या कितीतरी आधी ही बाई स्वतःच्या पायांनी आमची सेंटरं जोडत फिरत होती.

अडचण अशी की त्या तीन फिल्मा एकमेकींशेजारी लावून काहीच सांगता येत नव्हतं. एकीत पाच मिलिमीटरच्या जाड चकत्या आणि मध्ये मोकळी जागा सोडलेली. दुसरीत डोकं वेगळ्या कोनात. तिसरी स्टिरॉइडची पाच सलाइनं चढवून झाल्यावर काढलेली. डॉक्टरांचा प्रश्न साधा होता: मेंदूतल्या सुजेचा हा पांढरा ठिपका नवा आहे का जुना? औषध बदलायचं की नाही, ते या एका उत्तरावर ठरणार होतं, आणि पिशवीभर फिल्मा असून ते मिळत नव्हतं.

मी बी.एस्सी. रेडिओग्राफी केलेली टेक्नॉलॉजिस्ट. आधी काही वर्षं नुसते स्कॅन केले. गेली पाच वर्षं मिरज, सांगली, कोल्हापूर, कराड आणि बेळगाव इथल्या पाच सेंटरांमध्ये मिळून चाललेल्या एका छोट्या संशोधनाचं इमेजिंगचं काम बघते. विषय म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते ते आजार. नवीन मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, पायथॉन किती यायला पाहिजे?" पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा लागते. पण ते मी नंतर सांगेन, कारण माझ्या मते या कामाची सुरुवात तिथून होत नाही.

माझे वडील, अण्णा, सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते. हळदीची पोती काट्यावर चढायची, अण्णा आकडा पुकारायचे, आणि शेतकरी आणि व्यापारी दोघंही तो मान्य करायचे. सकाळी पहिलं पोतं चढायच्या आधी अण्णा शिक्का मारलेलं प्रमाणित वजन काट्यावर ठेवून बघायचे. रोज. लहानपणी मी विचारलं होतं, काल बरोबर होता तर आज कशाला बघायचा? ते म्हणाले, "काटा कालचा न्हाई गं आज. आणि बिघडला तर तो सांगत न्हाई." पाच सेंटरांचं इमेजिंग म्हणजे पाच काटे. प्रत्येक काट्यावर आपलं वजन ठेवून बघायची ज्याला सवय आहे, त्याला पायथॉन सहा महिन्यांत येतं. ज्याला ती सवय नाही त्याचा कोड कितीही सुंदर असो, त्यातून निघालेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आता आजारांची ओळख, थोडक्यात. तीन नावं पक्की लक्षात ठेवा. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका आणि त्याचा परिवार, म्हणजे एनएमओएसडी. आणि मॉग नावाच्या, नसांच्या वेष्टनातल्या प्रथिनावर उलटणाऱ्या अँटीबॉडीचा आजार, मॉगॅड. तिन्हींत डोळ्याची नस सुजू शकते, तिन्हींत पाय लुळे पडू शकतात, म्हणून बराच काळ ही सगळी मंडळी एकाच नावाखाली मोडायची. फ्रान्समध्ये देव्हिक यांनी डोळा आणि मज्जारज्जू एकदम धरणाऱ्या आजाराचं वर्णन केलं ते १८९४ साली. त्याच साली मिरजेत वानलेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला ते साल आवडतं. मात्र देव्हिक यांचा तो आजार, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका किंवा एनएमओ, हा एमएसचा भाऊबंद नसून वेगळाच आहे याचा रक्तातला पुरावा, एक खास अँटीबॉडी, मिळायला २००४ साल उजाडलं. २००५ मध्ये कळलं की ती अँटीबॉडी ॲक्वापोरिन-४ नावाच्या, पेशीत पाणी ने-आण करणाऱ्या प्रथिनावर हल्ला करते. एनएमओएसडीच्या निदानाचे निकष २०१५ चे, मॉगॅडचे २०२३ चे. एमएसचे मॅकडोनल्ड निकष २००१ पासून पुन्हा पुन्हा सुधारले गेले. २०१७ चे अजून सगळ्यांच्या तोंडी आहेत. त्यानंतरच्या, २०२४ च्या सुधारणेत डोळ्याच्या नसेलाही जागा मिळाली आणि ठिपक्याच्या मधोमध दिसणाऱ्या बारीक शिरेलाही.

हा फरक केवळ नावापुरता नाही. एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ बीटा इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब, एनएमओएसडीच्या पेशंटला दिली तर आजार वाढू शकतो. म्हणून आपण काढलेल्या चित्रात चूक झाली तर ती प्रिस्क्रिप्शनपर्यंत जाते.

एक केस सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. शिराळ्याकडची चाळिशीतली बाई. नवरा सांगत होता, "वीस दिवस झालं, उचकी थांबंना. खाल्लेलं ठरंना. दुर्बीण झाली, सोनोग्राफी झाली, पोटात काय न्हाई म्हणत्यात." एका ठिकाणी मेंदूचा एमआरआयसुद्धा झाला होता, जाड चकत्यांचा, रिपोर्ट नॉर्मल. उचकी आपोआप थांबली. दोन महिन्यांनी पाय गेले. मग कंबरेचा एमआरआय झाला, तोही ठीक. आमच्याकडे आली तेव्हा आम्ही पूर्ण मणक्याचा स्कॅन केला आणि मेंदूचा थ्रीडी फ्लेअर, म्हणजे सुजेचे ठिपके उठून दिसतात तो बारीक चकत्यांचा प्रकार, केला. पाठीच्या भागात मज्जारज्जूतली सूज पाच मणक्यांएवढी लांब पसरलेली होती. आणि मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूला, जिथं उलटीचं केंद्र असतं तिथं, तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका. त्या जागेला एरिया पोस्ट्रेमा म्हणतात. तिथली सूज म्हणजे न थांबणारी उचकी आणि उलटी, आणि ते एनएमओएसडीच्या ठळक लक्षणांपैकी एक आहे. मज्जारज्जूतला ठिपका तीन किंवा जास्त मणक्यांएवढा लांब असणं हेही तसंच. ॲक्वापोरिनची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली.

यात मी कुठल्या डॉक्टरला बोल लावत नाही. पाय गेले की आपल्या भागात कंबरेचा एमआरआय लिहिला जातो, कारण शंभरातल्या बहुतेकांची कंबरच दुखत असते. पण मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या टोकालाच संपतो. त्याखाली नुसत्या नसांचा झुपका असतो. नवीन टेक्नॉलॉजिस्टनं हे लक्षात ठेवावं. दोन्ही पाय जड आहेत, लघवी अडकलीय आणि कागदावर फक्त कंबर लिहिलीय, असं दिसलं तर फोन उचलून डॉक्टरांना विचारावं, "सर, पूर्ण स्पाइन बघायचा का?" मला आजवर या फोनबद्दल कुणी रागावलेलं नाही.

हे आजार एकेका सेंटरला वर्षातून मोजकेच दिसतात. एकट्या मिरजेचे पेशंट घेऊन काही सिद्ध होत नाही. म्हणून जगभर लोक एकत्र आले. युरोपात मॅग्निम्स नावाचं जाळं गेली कित्येक वर्षं मुख्यतः एमएसच्या एमआरआयवर काम करतंय. २०२१ मध्ये त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या संस्थांबरोबर मिळून स्कॅन कसा घ्यावा याच्या शिफारशी छापल्या. आपल्याकडे या आजारांच्या पेशंटची मंगळूरची नोंदवही आहे, आणि आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर एम्स दिल्लीला धरून देशभराचं नोंदणीचं जाळं आहे. आमचं काम या सगळ्यांपुढे फार लहान आहे. पण जतची बाई दिल्लीला जात नाही. ती मिरज, कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यामध्येच फिरते. त्या त्रिकोणातली मशिनं एका मापानं मोजू लागली तर त्याचा उपयोग तिला पुढच्याच स्कॅनला होतो. छोट्या भागापुरत्या सहकार्याची बाजू मी घेते ती यासाठी.

एका मापाचं म्हणजे काय? शिफारशींतलं सार सांगते. थ्रीडी फ्लेअर, शक्यतो सगळीकडून एक मिलिमीटरचा. तेवढं जमत नसेल तर तीन मिलिमीटरपेक्षा जाड चकती नको आणि मध्ये मोकळी जागा तर अजिबात नको. एमएसचे लहान ठिपके तीन-चार मिलिमीटरचे असतात, ते त्या मोकळ्या जागेत सरळ हरवतात. आडव्या चकत्यांचा कोन दर वेळी तोच, मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या खालच्या कडेला धरून. कॉन्ट्रास्ट, म्हणजे ताजी सूज उजळून दाखवणारं शिरेतून द्यायचं औषध, दिला तर वजनाच्या प्रमाणात, किलोला ०.१ मिलिमोल, आणि दिल्यानंतर पाच ते दहा मिनिटं थांबायचं. ही पाच मिनिटं सगळ्यात आधी कापली जातात. बाहेर पुढचा पेशंट स्ट्रेचरवर असतो, नातेवाईक दारात उभे असतात, आणि हात आपोआप बटणाकडे जातो. आम्ही चक्क स्वयंपाकघरातलं टायमर आणून कन्सोलशेजारी ठेवलंय.

आमच्या भागात मेंदूचा साधा एमआरआय वीस मिनिटांत उरकतो. आमच्या पद्धतीला चाळीस-पंचेचाळीस लागतात, मणका वेगळाच. मशीन कर्जावर घेतलेलं असतं, हप्ता थांबत नाही. सुरुवातीला मी सेंटरच्या मालकांशी संशोधनाच्या मोठमोठ्या गोष्टी बोलायचे आणि ते मान डोलवायचे. पुढं काही हलायचं नाही. मग एका ज्येष्ठ रेडिओलॉजिस्टनी सांगितलं, "त्यांना विज्ञान सांगू नकोस, मिनिटं सांग." मी मिनिटांचा कागद केला: कुठला सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनमधला एकेक चित्रप्रकार, किती वेळ, कुठला आम्ही गाळू शकतो, कुठला नाही. त्यावर मंगळवार आणि शुक्रवारी रात्री साडेनऊनंतरचे स्लॉट मिळाले. तेव्हापासून आमचं बहुतेक काम रात्रीचं. घरी आधी बोलून ठेवा, कारण हे काम पत्करलं की रात्र जाते.

आता शीर्षकातलं डोकं. ते माझं. प्रोटोकॉल, म्हणजे स्कॅन घ्यायची ठरलेली पद्धत, कागदावर सारखा झाला म्हणजे चित्र सारखं येतं, असं आम्हाला वाटत होतं. उत्तर अमेरिकेतल्या नेम्स या एमएस इमेजिंगच्या गटाचं एक काम वाचलं आणि तो समज गेला. त्यांनी एमएस असलेल्या एकाच माणसाचा स्कॅन सात ठिकाणी घेतला. सगळी मशिनं तीन टेस्लाची (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), एकाच कंपनीची, प्रोटोकॉल जुळवलेला. तरीही मेंदूचं आकारमान आणि ठिपक्यांचं मोजमाप ठिकाणागणिक बदललं. आमच्याकडे तर दोन मशिनं दीड टेस्लाची, उरलेली तीन मशिनं ३ टेस्लाची, आणि कंपन्या वेगवेगळ्या. म्हणून एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन आम्ही दोघांनी, मी आणि एका सहकाऱ्यानं, पंधरा दिवसांत पाचही ठिकाणी स्वतःचे स्कॅन करून घेतले. प्रत्येक ठिकाणी दोनदा: एकदा झालं की टेबलावरून उतरायचं, दोन मिनिटं चालायचं, परत झोपायचं. एकाच मशीनवरचे दोन आकडे जवळजवळ जुळले. दोन मशिनांतले आकडे मात्र असे होते की ती दोन वेगळ्या माणसांची डोकी वाटावीत.

हे एवढं मनावर घ्यायचं कारण एका आकड्यात आहे. निरोगी प्रौढ माणसाचा मेंदू वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के आकसतो. एमएसमध्ये, उपचार नसतील तर, ०.५ ते १.३५ टक्के. म्हणजे आपण शोधतोय तो फरक एक टक्क्याच्या आतबाहेरचा. मशीन बदललं तर त्याहून मोठा फरक नुसत्या मशीनमुळे पडतो. माणूस दिवसभर पाणी न पिता आला असला तरी आकारमानात किंचित फरक दिसतो. एप्रिलमध्ये उन्हातून एसटीनं आलेल्या पेशंटला मी आधी सावलीत बसवते आणि पाणी देते. सॉफ्टवेअर अपग्रेड झालं, डोक्याभोवती लावायची कॉइल बदलली, इंजिनिअर येऊन गेला, की त्या तारखेची वहीत नोंद करायची. एका सेंटरमध्ये अपग्रेडनंतर तीन महिने आम्ही निर्धास्त होतो. आकडे सगळे एका बाजूला सरकलेले नंतर दिसले. दर आठवड्याला फॅन्टमचा स्कॅन घ्यायला लागलो तो त्यानंतर. फॅन्टम म्हणजे आतली मापं ठाऊक असलेलं, द्रवानं भरलेलं प्लास्टिकचं भांडं. अण्णांना मी ते दाखवलं. हातात घेऊन म्हणाले, "मग ह्याच्यावर शिक्का कुठाय?"

त्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट. माझा थ्रीडी स्कॅन स्लाइसर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि त्वचेचा पृष्ठभाग दाखवायचं बटण दाबलं. करड्या रंगात नाक, ओठ, बंद पापण्या, हनुवटी असं पडद्यावर आलं. ती मीच होते, शंकाच नव्हती. फाइलमधलं नाव मी आधीच पुसलं होतं. त्या संध्याकाळपर्यंत मी पेशंटना सांगत आले होते की तुमची ओळख कुणाला कळणार नाही. दुसऱ्या दिवसापासून कुठलीही फाइल सेंटरबाहेर जाण्याआधी चेहऱ्याचा भाग काढून टाकणं सक्तीचं केलं. त्यासाठी तयार साधनं मोफत मिळतात. पण निकाल डोळ्यानं तपासा, कधीकधी ती कपाळाबरोबर मेंदूचाही तुकडा कापतात. आणि मशीनमधून येणाऱ्या डायकॉम फाइलमधले रकाने फक्त नावापुरते बघू नका. घाईत कुणीतरी स्टडीच्या वर्णनात पेशंटचं आडनाव आणि गाव टाइप केलेलं असतं.

संमतीपत्राचं काम नवीन लोक कारकुनी समजतात. मला ते सगळ्यात अवघड वाटतं. आमचे निम्मे पेशंट घरात कन्नड बोलतात, अथणी, रायबाग, जतचा पूर्वभाग इथले. मराठी कागदावर ते सही करतात आणि मान हलवतात, पण त्यांना समजलंय असं नाही. कन्नड प्रत झाली, आणि ती वाचून दाखवायला कन्नड बोलणारी नर्स असावी असं ठरवलं, तेव्हा नकार वाढले. मला ते बरोबर वाटलं. आधीचे होकार समजून दिलेले नव्हते. प्रत्येक संस्थेची एथिक्स कमिटी वेगळी, प्रत्येकीच्या बैठकीची तारीख वेगळी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनेक केंद्रांच्या अभ्यासासाठी एकत्रित परीक्षणाची सोय आहे, ती आधीच विचारून घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही वाचा. स्कॅनची मूळ फाइल कुणाकडे राहील, प्रत कुणाकडे, अभ्यास संपल्यावर काय होईल, पेशंटनं माघार घेतली तर काय पुसलं जाईल, हे पाच संस्थांनी सही करून ठरवल्याशिवाय एकही फाइल हलवू नका. आमचे यात अकरा महिने गेले. ते वाया गेले असं मला वाटत नाही.

स्कॅनरूमच्या दारातलं काम पुस्तकात सापडत नाही, म्हणून सांगते. मंगळसूत्र काढायला लावणं ही तांत्रिक सूचना नाही. नवीन मुलगा दारातूनच ओरडतो, "सगळे दागिने काढा," आणि आतली बाई रडायला लागते. तिचा पाय लुळा पडलाय, ती घाबरलीय, आणि त्यात हे. मी आत जाते, दार लावते, आणि सांगते की लोहचुंबक फार मोठा आहे, दागिना ओढला जाईल, तुम्हाला इजा होईल. मंगळसूत्र काढून तिच्याच पदरात ठेवते आणि तिच्या हातानं सासूकडे नाहीतर आईकडे द्यायला लावते. जोडवी, करदोट्यातला ताईत, ब्लाऊजच्या टाचण्या, केसातल्या आकड्या हे ओघानं येतंच. गोंदण विचारा. म्हाताऱ्या बायकांच्या हातावर, कपाळावर गोंदण असतं, काही रंगांत धातू असतो, तिथं चटका बसू शकतो. भाजल्यासारखं वाटलं तर लगेच घंटी दाबायची, हे घंटी हातात देऊनच सांगा. घाबरलेलं माणूस हलतं, आणि माणूस हललं की पंचेचाळीस मिनिटांचा स्कॅन वाया जातो. आत दिलेली पाच मिनिटं नंतरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कामी येतात.

आणि प्रत्येक स्कॅनबरोबर तीन तारखा लिहा: त्रास कधी सुरू झाला, स्टिरॉइड कधी सुरू झालं, स्कॅन कधी झाला. स्टिरॉइडनंतर कॉन्ट्रास्ट घेणारा ठिपका काही दिवसांत विझू शकतो. मॉगॅडचे ठिपके तर पुढच्या स्कॅनला पुष्कळदा पूर्ण नाहीसे होतात, एमएसचे सहसा वण मागे ठेवतात. हा फरक निदानाला मदत करतो, पण तारखा नसतील तर "ठिपका नाही" या वाक्याला काही अर्थ उरत नाही. पेशंटला तारीख आठवत नसेल तर सणावारानं विचारा. बेंदराच्या आधी का नंतर? गणपतीत चालत होता का? बरोबर उत्तर मिळतं.

आता सॉफ्टवेअरकडे येते. डायकॉम फाइलचं संशोधनात वापरतात त्या निफ्टी फाइलीत रूपांतर, बिड्स या ठरलेल्या पद्धतीनं फोल्डरची मांडणी, आयटीके-स्नॅप या सॉफ्टवेअरमध्ये ठिपके हातानं रंगवणं, एफएसएल आणि फ्रीसर्फर या मेंदूची मापं काढणाऱ्या सॉफ्टवेअरची ओळख, एवढ्यावर पहिलं वर्ष छान जातं. सरावासाठी पेशंटचा डेटा मागत फिरू नका. एमएसचे ठिपके तज्ज्ञांनी रंगवलेले खुले संच इंटरनेटवर आहेत, आयएसबीआय आणि मिकाई या वैद्यकीय इमेजिंगच्या परिषदांत २०१५ आणि २०१६ मध्ये झालेल्या स्पर्धांचे. त्यातला एक स्कॅन घ्या, स्वतः रंगवा, मग तज्ज्ञाचा बघा. माझी पहिली जुळणी जेमतेम निम्मी होती. मग कळलं की दोन तज्ज्ञांचीसुद्धा पूर्ण जुळत नाही, आणि ठिपका जितका लहान तितकी कमी. शंभर ठिपके हातानं रंगवल्याशिवाय आपोआप रंगवणारं संगणकाचं मॉडेल चालवू नये असं माझं ठाम मत आहे. डोळा तयार नसला तर मॉडेलची चूक दिसतच नाही. आपल्याकडे हे आणखी महत्त्वाचं आहे, कारण यातली बरीच मॉडेलं बाहेरच्या देशांतल्या स्कॅनवर शिकलेली असतात. क्षयाची गाठ किंवा डोक्यातला फीतकृमीचा कोष त्यांनी फारसा पाहिलेला नसतो, आणि आपल्याकडे ते रोजचं आहे.

माझी एक चूक लिहून ठेवते. एका सेंटरचा जुना डेटा मी वेगळ्या फॉरमॅटमधून फिरवला आणि त्यात डावं-उजवं उलटलं. मेंदू दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "याचा उजवा डोळा गेलाय, आणि तुम्ही डाव्या नसेत सूज दाखवताय?" त्या आठवड्यात मी चाळीस स्कॅन एकेक करून परत तपासले, रात्री झोप लागत नव्हती. तेव्हापासून अभ्यासातल्या प्रत्येक पेशंटच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ई ची एक गोळी मायक्रोपोरनं चिकटवतो. तेल भरलेली मऊ गोळी, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, आणि टी-१ प्रकारच्या चित्रात ती पांढरीशुभ्र चमकते. चित्रात गोळी दिसते ती बाजू उजवी, मग फाइल कुठल्याही फॉरमॅटमध्ये फिरू दे.

साठवणुकीबद्दल एवढंच सांगते की आम्ही सांगलीत राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं, तेव्हा तळमजल्यावर ठेवलेल्या जुन्या सीड्या आणि फिल्मा चिखलात गेल्या. काही पेशंटचे पहिल्या झटक्याचे स्कॅन त्यात होते. ते पुन्हा काढता येत नाहीत. आता तीन प्रती असतात, त्यातली एक कृष्णा-पंचगंगेच्या पुरापासून लांब, बेळगावला.

पोटापाण्याचं स्पष्ट बोलते. ही कामं बहुतेक प्रोजेक्टवर असतात, वर्षाच्या करारानं. निधी संपला की मुदतवाढ मिळेलच असं नाही. मी अजूनही आठवड्यातले तीन दिवस नेहमीचे स्कॅन करते, आणि नवीन टेक्नॉलॉजिस्टना तसंच करायला सांगते. हातातलं कौशल्यही राहतं, घरही चालतं. इंजिनिअरिंगकडून येणार असाल तर पहिले दोन महिने कन्सोलशेजारी बसा, पेशंट बघा. फिजिओथेरपी किंवा नर्सिंगकडून येणार असाल तर पेशंटची तपासणी, चालण्याची मोजणी, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा यात तुमची गरज आमच्यापेक्षाही जास्त आहे. आणि कामाला लागायच्या आधीच विचारा: पेपर झाला तर माझं नाव लेखकांत येईल का, त्यासाठी मी काय करायला हवं? विचारायला संकोच वाटतो, मला फार वाटला होता. दोनशे स्कॅन करूनही एका लेखात माझा उल्लेख शेवटच्या आभारांत, तोही नावाशिवाय, फक्त पदानं झाला होता. आता आमच्या पाच सेंटरांच्या करारात टेक्नॉलॉजिस्टच्या लेखकपदाचं कलम आहे.

पेशंटशी बोलताना एक माहिती जवळ ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. आपल्या भागात पुष्कळ कुटुंबांना हे ठाऊक नसतं, कारण बाहेरून माणूस धडधाकट दिसतो. स्कॅन झाल्यावर मी हे सांगते आणि दाखल्यासाठी कुठं जायचं तेही चिठ्ठीवर लिहून देते. अभ्यासाच्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही, तरी सांगते.

जतच्या त्या बाईचा पुढचा स्कॅन गेल्या श्रावणात कोल्हापूरला झाला. आधीचा मिरजेचा. दोन्ही आता एकाच कोनात, एकाच जाडीच्या चकत्यांत. मी एकावर एक ठेवले आणि कर्सर हळूहळू वरून खाली आणला. चौदा ठिपके आधी, चौदा आता. तेच. डॉक्टरांनी औषध तेच ठेवलं. बाई म्हणाली, "म्हंजे बरं हाय न्हवं?" मी म्हटलं, "वाढलेलं नाही, मावशी."

या महिन्यात साताऱ्याचं एक सेंटर आम्हाला जोडलं जातंय. मशीन तीन टेस्लाचं, आमच्यातल्या कुणी न वापरलेल्या मॉडेलचं. प्रोटोकॉल पाठवून झालाय, शुक्रवारी रात्री दहाचा स्लॉट मिळालाय. आधी फॅन्टम, मग माझं डोकं, दोनदा. गोळीची स्ट्रिप आणि मायक्रोपोर पर्समध्ये टाकून ठेवलंय.